दार, जिना आणि मोकळी जागा

13 जून 1997 रोजी दुपारी दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क भागातल्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ या चित्रपटाचा तीन वाजताचा खेळ चालू होता. इमारतीच्या तळमजल्यावर वाहने उभी करण्याची जागा होती आणि तेथेच विजेचा ट्रान्सफॉर्मरही होता. पाचच्या सुमारास या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. त्यातील तेल बाहेर सांडून पेटले व शेजारच्या मोटारी धडाधड जळू लागल्या. आग खाली होती. प्रेक्षक वर होते. ज्वाला सज्जापर्यंत पोचल्याच नाहीत. पोचला तो धूर. जिन्याच्या पोकळीतून तो वर चढला आणि सज्जात भरला. दिवे गेले होते. काय झाले आहे आणि कोणत्या बाजूने जावे, हे सांगणारी कोणतीही घोषणा झाली नाही. सज्जातील उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्या बसवून बंद करण्यात आली होती आणि त्या बाजूचे दारही वापरता येण्याजोगे उरले नव्हते. त्या दिवशी 59 माणसे मृत्युमुखी पडली, शंभरावर जखमी झाली. जे गेले ते भाजून गेले नाहीत. ते गुदमरून गेले. खालच्या सभागृहातील प्रेक्षक मात्र बहुतांशी सुखरूप बाहेर पडले.

एकाच इमारतीत, एकाच वेळी, एकच चित्रपट पाहणाऱ्या दोन समूहांच्या वाट्याला इतके भिन्न दैव का यावे? याचे उत्तर दैवात नसून इमारतीच्या रचनेत आहे. आग लागणे हा अपघात असू शकतो; परंतु आग लागल्यानंतर माणसे बाहेर पडू शकतील की नाही, हे पुष्कळदा आग लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी ठरलेले असते. नकाशावर जिना आखताना, दाराला कुलूप घालताना, वाटेत खुर्च्यांची आणखी एक रांग बसविताना ते ठरत जाते.

धूर आणि वेळ

आगीचे भय म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर ज्वाला येतात. वास्तविक इमारतीतील आगीत अधिक बळी घेतो तो धूर. तापलेला धूर हलका असल्यामुळे छताकडे जातो, तेथे पसरतो आणि मग त्याचा थर हळूहळू खाली उतरू लागतो. त्यामुळे जमिनीलगतची हवा काही काळ श्वास घेण्याजोगी राहते. धुरात सापडलेल्या माणसाने वाकून अथवा रांगत जावे असे सांगतात, त्याचे कारण हेच. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू विशेष घातक होय. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. परिणामी माणसाला प्रथम गुंगी येते, विचार सुचेनासा होतो आणि पाय चालत असतानाच तो खाली कोसळतो.

उभी पोकळी मिळाली की धूर धुराड्यातून जावा तसा वर जातो. उघडा जिना, लिफ्टचा मार्ग, विजेच्या तारांसाठी ठेवलेली उभी नळी, वातानुकूलनाचे पन्हाळे ही सर्व त्याची धुराडी ठरतात. म्हणूनच तळघरातील आग पहिल्यापेक्षा सहाव्या मजल्याला अधिक धोकादायक ठरण्याचा संभव असतो.

अशा वेळी दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात असे समजावे. धुरामुळे वाट अडण्यास किती वेळ लागेल, हे एक घड्याळ सांगते. माणसांना बाहेर पडण्यास किती वेळ लागेल, हे दुसरे सांगते. दुसऱ्या घड्याळाने पहिल्याच्या आत थांबले पाहिजे. या दुसऱ्या घड्याळात केवळ चालण्याचा वेळ मोजून भागत नाही. आग लागल्याचे कोणाच्या तरी लक्षात येणे, ते इतरांना कळणे, कळल्यावर त्यांचा विश्वास बसणे आणि मग त्यांनी उठणे, हे सर्व त्यात येते. अनुभव असा आहे की घंटा वाजली तरी माणसे लगेच उठत नाहीत. ती एकमेकांकडे पाहतात, हातातले काम पुरे करतात, पिशवी शोधतात, घरच्या माणसाला हाका मारतात. आणि अखेर निघाली की ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे जातात, मग जवळ दुसरे दार का असेना! इमारत रिकामी करण्याच्या योजनेचा निम्मा भाग या मनुष्यस्वभावाशी संबंधित आहे.

दारांचा हिशेब

या शास्त्रातील पुष्कळसे नियम दुर्घटनांनी लिहिले आहेत. न्यूयॉर्कमधील ट्रँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्यात 25 मार्च 1911 रोजी 146 कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. एका जिन्याकडे जाणारे दार कुलूपबंद होते. बोस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या करमणूकगृहात 28 नोव्हेंबर 1942 रोजी 492 माणसे दगावली. तेथील मुख्य दार स्वतःभोवती फिरणारे होते. गर्दीचा रेटा येताच ते अडकून बसले. दुसरी काही दारे कुलूपबंद होती, तर काही आतल्या बाजूस उघडणारी असल्यामुळे गर्दीच्या दाबाखाली उघडलीच नाहीत. निर्गमाचे दार बाहेरच्या दिशेने उघडावे आणि आतून ते किल्लीवाचून उघडता यावे, हा आज साधा वाटणारा नियम अशी किंमत मोजून मिळालेला आहे.

याउलट एक प्रसंगही नमूद केला पाहिजे. 9 मे 1911 रोजी एडिंबरो येथील एम्पायर पॅलेस नाट्यगृहात रंगमंचावर आग भडकली. प्रेक्षागारात सुमारे तीन हजार माणसे होती. अग्निरोधक पडदा खाली येऊ लागला आणि वादकांनी राष्ट्रगीत सुरू केले. लोक उठून उभे राहिले व शिस्तीने बाहेर पडले. रंगमंचामागील काही कलावंत प्राणांस मुकले, पण प्रेक्षक वाचले. राष्ट्रगीत संपेपर्यंत, म्हणजे साधारण अडीच मिनिटांत, प्रेक्षागार रिकामे झाले असे मानतात. आणि अडीच मिनिटांची हीच मर्यादा पुढे ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांत दारांच्या हिशेबासाठी आधार म्हणून धरण्यात आली.

हा हिशेब समजण्यास सोपा आहे. एक माणूस जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटर रुंदीच्या वाटेतून दर मिनिटाला चाळीस माणसे जातात असे धरले, तर अडीच मिनिटांत शंभर माणसे जातील. एक मीटर रुंदीच्या दारातून दोनशे. समजा, एखाद्या सभागृहात 600 माणसे बसतात आणि त्याला एक मीटर रुंदीची तीन दारे आहेत. कागदावर हिशेब चोख जुळतो. पण आग लागली ती नेमकी एका दाराजवळ. आता उरलेल्या दोन दारांतून अडीच मिनिटांत चारशेच माणसे बाहेर पडतील. दोनशे आतच राहतील व त्यांना आणखी सव्वा मिनिट लागेल. धुराच्या दृष्टीने सव्वा मिनिट हा फार मोठा काळ आहे. म्हणून जाणकार माणूस दारांची गणती करताना एक दार नाहीच असे धरून चालतो. ही दारे एकमेकांपासून दूरही हवीत. शेजारी शेजारी असलेली दोन दारे धुराच्या दृष्टीने एकच होत.

जिन्यांचेही तसेच. भारतीय मानक संस्थेने 1970 मध्ये प्रथम राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध केली. पुढे 1983, 2005 आणि 2016 साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग आग व जीवितरक्षण यांना वाहिलेला आहे. पंधरा मीटर वा त्याहून अधिक उंचीच्या इमारतीला ही संहिता उंच इमारत मानते व तिच्यासाठी अधिक कडक तरतुदी सुचविते. तथापि ही संहिता आपोआप कायदा होत नाही. राज्य सरकारे व नगरपालिका ती आपल्या नियमांत सामावून घेतात तेव्हाच तिला दात येतात.

जिना आगीपासून अलग ठेवण्यासाठी त्याच्या तोंडाशी अग्निरोधक दार बसवितात. हे दार आपले आपण मिटणारे असते आणि ते मिटलेले राहण्यातच त्याचे सारे सामर्थ्य आहे. वारा यावा म्हणून त्याखाली लाकडाचा तुकडा वा वीट सारून ठेवणारा शिपाई नकळत जिन्याचे धुराड्यात रूपांतर करीत असतो. जुन्या फायली, मोडकी बाके, सायकली, पाण्याची पिंपे यांनी भरलेला जिना हे आपल्याकडील नित्याचे दृश्य आहे. लिफ्टचा उपयोग मात्र आगीच्या वेळी करू नये. वीज गेली तर ती मध्येच अडकते, आणि आग लागलेल्या मजल्यावर तिचे दार उघडले तर काय होईल ते सांगावयास नको.

फार उंच इमारतींत सर्वांनी एकाच वेळी जिन्यावर येणे इष्ट नसते. तेथे प्रथम आग लागलेला मजला आणि त्याच्या लगतचे मजले रिकामे करतात. इतरांना क्रमाने बोलावतात. चोवीस मीटरहून उंच इमारतींत ठराविक मजल्यांवर बाहेरच्या भिंतीलगत आश्रयाची मोकळी जागा ठेवण्याची तरतूद आहे, ती ज्यांना उतरणे शक्य नाही त्यांना दम घेता यावा व मदतीची वाट पाहता यावी यासाठीच. या जागेभोवती भिंती उठवून तिची खोली करणे म्हणजे संकटकाळासाठी ठेवलेली शिदोरी आधीच खाऊन टाकण्यासारखे आहे.

बाहेर पडल्यावर कोठे जावे?

माणसे जिना उतरून बाहेर आली म्हणजे योजना संपली, असा एक समज आहे. वस्तुतः योजनेचा एक महत्त्वाचा भाग तेथे सुरू होतो. बाहेर आलेली माणसे दाराशीच घोटाळू लागली तर मागून येणाऱ्यांची वाट अडते. ती फाटकात उभी राहिली तर बंब आत येऊ शकत नाही. ती चहूकडे पांगली तर आत कोण राहिले हे कोणालाच सांगता येत नाही. यासाठी एकत्र जमण्याची जागा आधीच ठरवून ठेवावयाची असते. हिरव्या पाटीवर मधोमध उभी असलेली माणसांची पांढरी आकृती आणि चार कोपऱ्यांतून तिच्याकडे येणारे बाण, अशी तिची खूण जगभर प्रचलित आहे. आपल्याकडे कचेऱ्या व कारखान्यांत ‘असेंब्ली पॉइंट’ या नावाने ही पाटी आता परिचित झाली आहे. पण पाटी लावणे वेगळे आणि जागा विचारपूर्वक निवडणे वेगळे.

जागा इमारतीपासून पुरेशी दूर असावी. तापलेल्या काचा फुटून बऱ्याच लांब उडतात. म्हणून निदान इमारतीच्या उंचीइतके अंतर राखता आल्यास उत्तम. ती बंबांच्या वाटेवर नसावी. ट्रान्सफॉर्मर, जनित्राची तेलाची टाकी, गॅसचे सिलिंडर ठेवण्याची खोली यांच्याजवळ नसावी. तेथे जाण्यासाठी वाहता रस्ता ओलांडावा लागू नये. रात्री तेथे उजेड असावा, पावसाळ्यात तळे साचू नये आणि चाकाच्या खुर्चीवरील माणसालाही तेथे पोचता यावे. वारा कोणत्या बाजूने वाहील याचा नेम नसल्यामुळे इमारतीच्या दोन भिन्न बाजूंना अशा दोन जागा ठरविणे शहाणपणाचे होय.

जागा किती मोठी हवी, याचाही हिशेब करता येतो. उभ्या असलेल्या माणसामागे सुमारे अर्धा चौरस मीटर धरला तर 600 माणसांना 300 चौरस मीटर जागा लागेल; म्हणजे बॅडमिंटनची जवळजवळ चार मैदाने. आपल्या शहरांतील बहुतेक इमारतींच्या आवारात नियमाप्रमाणे मोकळी सोडलेली जागा असते खरी, परंतु ती दिवसभर मोटारींनी भरलेली असते. दाट वस्तीत तर आवारच नसते. अशा ठिकाणी शेजारच्या शाळेचे मैदान, देवळाचे पटांगण किंवा सार्वजनिक बाग यांच्या व्यवस्थापकांशी आधी बोलून ठेवावे लागते. ऐन वेळी त्यांच्या फाटकाला कुलूप आढळले तर ठरविलेली जागा कागदावरच राहते.

जमल्यानंतर करावयाची पहिली गोष्ट म्हणजे हजेरी. अग्निशामक दलाचा अधिकारी आल्याबरोबर एकच प्रश्न विचारतो: आत कोणी आहे काय? या प्रश्नाचे निश्चित उत्तर मिळाले नाही, तर त्याला आपली माणसे धुरात पाठवावी लागतात. जो माणूस कोणाला न सांगता घरी निघून गेला, त्याच्या शोधासाठी एखादा जवान आपला जीव धोक्यात घालतो. उलट, सर्वजण बाहेर आहेत असे चुकीने सांगितले गेले, तर आत अडकलेल्याची शेवटची आशा संपते. म्हणून प्रत्येक मजल्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. त्याने शेवटी निघावे, निघताना स्वच्छतागृहे व कोपऱ्यातील खोल्या पाहाव्यात, दारे ओढून घ्यावीत आणि जमण्याच्या जागी येऊन आपल्या मजल्याचा हिशेब द्यावा. पाहुणे, रोजंदारीवरचे कामगार, उपाहारगृहातील मुले यांची नावे हजेरीपटावर नसतात. त्यांची नोंद फाटकाशी ठेवणे हाच उपाय.

जे स्वतः चालू शकत नाहीत

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली. मध्यान्ह भोजनाचे अन्न शिजत होते तेथे ठिणगी पडली आणि झावळ्यांनी शाकारलेले छप्पर पेटले. वरच्या मजल्यावर लहान मुलांचे वर्ग भरले होते. उतरण्याची वाट अरुंद होती. 94 मुले मरण पावली. या दुर्घटनेतून उद्भवलेल्या याचिकेवर 2009 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे स्पष्ट केले. शाळेच्या बाबतीत एक सोय मात्र निसर्गतःच असते: मुलांना रांगेची सवय असते आणि शिक्षकाजवळ हजेरीपट असतो. सर्वांत लहान मुलांचे वर्ग तळमजल्यावर ठेवावेत, प्रत्येक वर्गाने कोणत्या जिन्याने उतरावे ते ठरवून द्यावे आणि शिक्षकाने हजेरीपट हाती घेऊन शेवटी निघावे, एवढ्याने पुष्कळ साधते.

रुग्णालयाचा प्रश्न याहून कठीण आहे. 9 डिसेंबर 2011 रोजी पहाटेच्या अंधारात कोलकात्यातील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहनांसाठी असलेल्या त्या तळघरात जळाऊ सामान साठविलेले होते. धूर वर चढला आणि काचांनी बंद असलेल्या इमारतीत कोंडला. नव्वदच्या आसपास माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक अंथरुणाला खिळलेले रुग्ण होते. केरळमधून आलेल्या दोन तरुण परिचारिकांनी आपल्या कक्षातील रुग्णांना एकामागून एक बाहेर काढले आणि उरलेल्या रुग्णासाठी पुन्हा आत गेल्या असता त्या स्वतःच परतल्या नाहीत. शेजारच्या झोपडपट्टीतील लोक धूर पाहून धावून आले होते. सुरुवातीस त्यांना पहारेकऱ्यांनी परत पाठविले, असे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. नंतर त्याच लोकांनी अनेकांना खाली आणले.

रुग्णाला जिन्यावरून उतरविणे नेहमीच शक्य नसते. म्हणून रुग्णालयाचा प्रत्येक मजला अग्निरोधक भिंती व दारे यांनी किमान दोन भागांत विभागावा, अशी पद्धत आहे. एका भागात आग लागली तर रुग्णांना खाटेसह त्याच मजल्यावरील दुसऱ्या भागात न्यावयाचे. जिना लागलाच तर तो नंतर. अशा रचनेत परिचारिकेला मजले उतरावे लागत नाहीत, एक दार ओलांडावे लागते. शेजाऱ्यांनाही योजनेत स्थान असावे. संकटात सर्वांत आधी पोचतो तो शेजारी. त्याला फाटक कोणी उघडावयाचे, हे आधी ठरलेले असावे.

तालीम

योजना कागदावर कितीही उत्तम असली तरी पायांना ती ठाऊक असावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या मार्गदर्शनानुसार पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर निदान सहा महिन्यांनी एकदा तालीम व्हावी. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. 1944 मध्ये याच दिवशी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात आग विझविताना प्राण गमावलेल्या जवानांची ती स्मृती आहे. त्या सप्ताहात पुष्कळ ठिकाणी तालमी होतात. पण आधी दिवस व वेळ सांगून, सर्व दारे उघडी ठेवून घेतलेली तालीम ही तालीम नव्हे, समारंभ होय. कधीतरी न सांगता घंटा द्यावी. कधी एका जिन्याच्या तोंडाशी माणूस उभा करून तो जिना धुराने भरला आहे असे सांगावे. कधी एखाद्या माणसाला मुद्दाम आत बसवून ठेवावे आणि हजेरीत तो उणा सापडतो की नाही ते पाहावे. वेळ मोजून लिहून ठेवावी. कोणते दार अडकले, कोणती पाटी दिसली नाही, घंटा कोठे ऐकू आली नाही, याची नोंद घेऊन ती दुरुस्ती पुढील तालमीपूर्वी करावी. आग दिसताच 101 किंवा 112 या क्रमांकावर कोणी कळवावयाचे, हेही ठरलेले असावे. कारण सर्वांनी पाहिलेली आग पुष्कळदा कोणीच कळवलेली नसते.

या सर्वांस फार मोठा खर्च लागतो असे नाही. कुलूप काढण्यास, जिना रिकामा ठेवण्यास, मैदान ठरविण्यास आणि वर्षातून दोनदा खाली उतरून हजेरी देण्यास पैसा कमी आणि चिकाटी अधिक लागते. आग न लागता वर्षांमागून वर्षे जातात आणि प्रत्येक वर्षी मोकळी वाट थोडी अधिक निरुपयोगी वाटू लागते. मग तेथे एक कपाट येते, एक बाक येते, खुर्च्यांची एक रांग येते. उपहार चित्रपटगृहासमोर मृतांच्या कुटुंबीयांनी स्मृतिउपवन उभारले आहे. सज्जातील ती बंद केलेली वाट मोकळी असती, तर त्या उपवनात लिहिलेल्या नावांपैकी किती नावे तेथे नसती, याचा विचार प्रत्येक इमारतीच्या व्यवस्थापकाने आपल्या जिन्यावर उभे राहून करावा.